जसं काम, तसा घास

२ नोव्हेंबर १९०२ रोजी अंटार्क्टिकाच्या बर्फावरून तीन माणसं आणि १९ कुत्रे दक्षिणेकडे निघाले. रॉबर्ट स्कॉट, अर्नेस्ट शॅकल्टन आणि एडवर्ड विल्सन ही ती तीन माणसं. सुरुवातीचे काही दिवस कुत्र्यांनी सामानाच्या गाड्या जोमाने ओढल्या. मग त्यांची चाल मंदावली. ते आजारी पडू लागले, एकामागून एक मरू लागले. शेवटी माणसांनीच गाड्यांचे पट्टे स्वतःच्या अंगाला बांधून घेतले. ३० डिसेंबरला ८२ अंश १७ मिनिटं दक्षिण अक्षांशावरून तिघं मागे फिरले आणि फेब्रुवारी १९०३ मध्ये जहाजापाशी पोचले. तेव्हा त्यांच्यासोबत एकही कुत्रा उरलेला नव्हता.

या कुत्र्यांसाठी नॉर्वेहून सुका मासा आणला होता. उत्तरेकडच्या बर्फात कुत्र्यांना सुका मासा घालण्याची जुनी रीत आहे, त्यामुळे निवड चुकीची नव्हती. पण जहाज उष्ण कटिबंधातून येताना तो मासा बिघडला, असं स्कॉटचं मत झालं. गाडी हाकण्याचा सराव तिघांनाही नव्हता, हेही खरंच. तरी थंडीला सरावलेल्या, ओढकामासाठीच पैदास केलेल्या १९ कुत्र्यांपैकी एकही परतू नये, याचा मोठा दोष त्यांच्यापुढे पडलेल्या घासाकडे जातो.

नऊ वर्षांनी रोआल्ड अमुंडसेन पाच जणांची तुकडी आणि ५२ कुत्रे घेऊन त्याच खंडावर निघाला आणि १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला. त्याच्या कुत्र्यांना रोज सुमारे अर्धा किलो पेमिकन मिळत असे. पेमिकन म्हणजे सुकवलेला मांस-मासा आणि चरबी एकत्र करून थापलेल्या वड्या. वाटेवर आधीच साठे पुरून ठेवलेले होते. या हिशोबाला एक क्रूर बाजूही होती. वाटेत ठरवून काही कुत्रे मारले गेले आणि त्यांचं मांस इतरांना घातलं गेलं. परत आले ते ११. आज असा हिशोब कुणीही मान्य करणार नाही. पण एक गोष्ट अमुंडसेनला नेमकी उमगली होती: कुत्रा किती धावेल हे त्याच्या जातीइतकंच त्याच्या पोटात काय आहे यावर ठरतं.

या प्रकरणात आपण काम करणाऱ्या कुत्र्यांच्या आहाराकडे पाहणार आहोत. त्यात गाडी ओढणारे आहेत, शर्यतीत धावणारे आहेत, वास घेऊन माणसं आणि स्फोटकं शोधणारे आहेत आणि मेंढरांमागे दिवसभर चालणारेही आहेत. या सगळ्यांना ‘खूप धावणारा कुत्रा’ या एकाच खान्यात टाकलं, की आहार चुकायला सुरुवात होते.

बत्तीस भाकऱ्यांची भूक

अलास्कात दर मार्चमध्ये इडिटारॉड नावाची शर्यत होते. १९७३ पासून चालू असलेल्या या शर्यतीत कुत्र्यांच्या गाड्या अँकरेजच्या परिसरातून निघून सुमारे १,६०० किलोमीटरवरच्या नोम गावी पोचतात. पहिल्या क्रमांकाच्या गाड्या हे अंतर आठ-नऊ दिवसांत कापतात. नोमचं नाव या इतिहासात त्याच्याही आधीपासून आहे. १९२५ च्या जानेवारीत तिथे घटसर्पाची साथ आली, तेव्हा २० गाडीवान आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने हजारावर किलोमीटर अंतर साडेपाच दिवसांत पार करून औषध पोचवलं होतं.

या शर्यतीतल्या कुत्र्यांची दिवसाची ऊर्जेची गरज शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात मोजली. ती आली सुमारे ११,००० किलोकॅलरी. हा कुत्रा काही वाघाएवढा नसतो. त्याचं वजन जेमतेम २५ किलोच्या आसपास. जगातल्या सर्वांत खडतर सायकल शर्यतीत घाटांवर सायकल हाणणारा माणूस दर किलो वजनामागे जेवढी ऊर्जा खर्च करतो, त्याच्या जवळजवळ चौपट हा प्राणी करतो.

आपल्या ओळखीच्या मापात हे मोजून पाहू. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ३५० किलोकॅलरी असतात. एवढ्या पिठाची एक भाकरी धरली, तर या कुत्र्याला दिवसाला ३१-३२ भाकऱ्या लागतील. नुसतं पीठच तीन किलोंच्या वर गेलं, भाकरीतलं पाणी वेगळं. पंचवीस किलोच्या प्राण्याच्या पोटात एवढं मावणार नाही. मावलं तरी पचणार नाही, आणि एवढं पोट घेऊन त्याला पळता येणार नाही.

यावर उपाय एकच आहे. घास लहान हवा आणि त्यात ऊर्जा ठासून भरलेली हवी. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा प्रथिनं साधारण चार किलोकॅलरी देतात, एक ग्रॅम चरबी नऊ देते. बत्तीस भाकऱ्यांची ऊर्जा सव्वा किलो चरबीत मावते. म्हणूनच अलास्कातल्या गाडीवानाच्या पिशव्यांत साल्मन मासा, गोमांसाची चरबी, कोंबडीची कातडी, बीव्हरचं मांस आणि चरबीचं प्रमाण वाढवलेलं कोरडं खाद्य असतं. चम जातीच्या साल्मनला तर तिकडे ‘डॉग साल्मन’ असंच म्हणतात. शर्यतीतल्या कुत्र्याला मिळणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी निम्म्याहून अधिक ऊर्जा चरबीतून येते.

चरबीवर पेटणारी चूल

हाच आहार माणसाला दिला तर तो काही तासांत गळून जाईल. मॅरेथॉन धावणाऱ्या माणसाची भिस्त स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनवर असते. ग्लायकोजेन म्हणजे शरीराने साठवून ठेवलेली साखर. म्हणून माणूस शर्यतीच्या आदल्या दिवशी भात, बटाटे खातो आणि धावताना साखरपाणी घेतो. अनेक वर्षं कुत्र्यांच्या बाबतीतही हाच विचार केला जात होता.

कुत्र्याचं शरीर मात्र वेगळ्या घडणीचं आहे. त्याचे स्नायू माणसाच्या साधारण दुप्पट वेगाने चरबी जाळू शकतात. त्याच्या स्नायूंच्या पेशींत चरबी जाळणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची रेलचेल असते, आणि तेवढा प्राणवायू पोचवणारं हृदयही त्याच्यापाशी असतं. एका दमात तासन्‌तास चालणाऱ्या आणि कधी दोन-तीन दिवस उपाशी राहणाऱ्या लांडग्याचा वारसा त्याच्या अंगात आहे.

१९७० च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले पशुवैद्य डेव्हिड क्रोनफेल्ड यांनी गाडीच्या कुत्र्यांना तीन प्रकारचा आहार देऊन पाहिला. एकात पिष्टमय पदार्थ मध्यम प्रमाणात, दुसऱ्यात कमी, तिसऱ्यात अजिबात नाही. प्रशिक्षणाच्या काळात सर्वांत चांगलं रक्त तिसऱ्या गटाचं राहिलं. त्यांच्या तांबड्या पेशी आणि हिमोग्लोबिन दोन्ही वरचढ होतं. प्राणवायू वाहून नेणारं रक्तच असल्यामुळे या निष्कर्षाने गाडीवानांचे डोळे उघडले.

पुढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातले मायकेल डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याहून नवलाची गोष्ट पाहिली. कुत्र्यांना रोज शंभराहून अधिक किलोमीटर पळवलं, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांच्या स्नायूंतलं ग्लायकोजेन बरंच उतरलं. माणसाच्या बाबतीत ते पुढच्या दिवशी आणखी उतरलं असतं. कुत्र्यांमध्ये मात्र पळणं चालू असतानाच ते पुन्हा भरू लागलं, तेही पिष्टमय पदार्थ फारसे नसलेल्या आहारावर. शरीराने एका दिवसात चूल बदलली होती. साखर राखून ठेवायची आणि चरबी जाळायची, असा नवा क्रम लागला होता.

यावरून कुणी घरच्या लॅब्राडोरपुढे उद्यापासून तुपाची वाटी ठेवू नये. चरबी पचवण्याची ही ताकद सराव आणि आहार हळूहळू वाढवत काही आठवड्यांत येते. सोफ्यावर झोपणाऱ्या कुत्र्याला एकाएकी चरबीचा मारा झाला तर जुलाब लागतात, आणि स्वादुपिंडाला सूज येऊन त्याचा जीवही धोक्यात येऊ शकतो.

डागडुजीचा माल

चरबी हे इंधन झालं. पण रोज झिजणाऱ्या यंत्राची डागडुजीही रोजच करावी लागते, आणि तिचा माल म्हणजे प्रथिनं. पशुवैद्य आणि स्वतः गाडी हाकणारे आर्ली रेनॉल्ड्स यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग फार बोलका आहे. गाडीच्या ३२ कुत्र्यांचे चार गट केले. पहिल्या गटाला सर्वांत कमी प्रथिनं दिली, पुढच्या प्रत्येक गटाला आधीच्यापेक्षा जास्त. प्रशिक्षण सगळ्यांचं सारखंच. पहिल्या गटातल्या आठही कुत्र्यांना प्रशिक्षणात दुखापत झाली. जास्त प्रथिनं मिळालेल्या गटांत दुखापती कमी होत्या.

पहिल्या गटाएवढी प्रथिनं घरात लोळणाऱ्या कुत्र्याला पुरतात. पण ओढकाम करणाऱ्या शरीराला त्याच वेळी नवे स्नायू, नवं रक्त आणि नवी स्नायुबंधनं घडवायची असतात. माल कमी पडला की शरीर एका जागेचा दुसरीकडे लावतं आणि जिथून काढलं तिथे तुटतं. लंगडणाऱ्या कुत्र्याच्या मालकाला पाय दिसतो. पुष्कळदा पाहायला हवी ती ताटली.

कष्टाची झळ पोटालाही बसते. शर्यत संपवून आलेल्या कुत्र्यांच्या जठरात दुर्बीण घालून पाहिली, तेव्हा जवळजवळ निम्म्या कुत्र्यांच्या अस्तरावर जखमा आढळल्या. वरून ठणठणीत दिसणाऱ्या प्राण्याच्या आत असं काही चाललेलं असू शकतं. म्हणून शर्यतीच्या नियमांत सक्तीचे थांबे आहेत: एक २४ तासांचा आणि दोन आठ-आठ तासांचे. थांब्यावर पोचल्यावर चांगला गाडीवान आधी गवताच्या गाद्या पसरतो, बर्फ वितळवून पाणी उकळतो, त्यात मांस घालून कुत्र्यांना गरम पातळ रस्सा देतो. स्वतःच्या जेवणाचं तो त्यानंतर पाहतो.

तीस सेकंदांचा धावपटू

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. ग्रेहाऊंड हा जगातला सर्वांत वेगवान कुत्रा. शर्यतीत तो तासाला ६० किलोमीटरहून अधिक वेगाने पळतो, पण पाचशे मीटरची शर्यत साधारण तीस सेकंदांत संपते. एवढ्या थोड्या वेळात चरबी पेटतच नाही. तिला प्राणवायू लागतो आणि तो पोचायला वेळ लागतो. ग्रेहाऊंडची धाव स्नायूंत आधीच भरून ठेवलेल्या ग्लायकोजेनवर होते.

म्हणून त्याचा आहार अगदी निराळा. चरबी मध्यम हवी, आणि पिष्टमय पदार्थांना ताटलीत रास्त जागा हवी. फ्लोरिडा विद्यापीठातल्या प्रयोगांत पिष्टमय पदार्थ कमी करून त्या जागी प्रथिनं वाढवल्यावर ग्रेहाऊंड किंचित हळू पळाले, आणि पोटभर खाणाऱ्यांपेक्षा थोडं मोजून खाणारे अधिक वेगाने पळाले. दिवसाची त्याची एकूण गरजही घरगुती कुत्र्यापेक्षा फार जास्त नसते. तीस सेकंदांची धाव डोळे दिपवते, पण तिला लागणारी ऊर्जा थोडीच असते.

हौशी मालकांची गफलत नेमकी इथे होते. रविवारी मैदानावर दहा-पंधरा मिनिटं अडथळे ओलांडणाऱ्या किंवा चेंडूमागे पळणाऱ्या कुत्र्याला ते खेळाडू समजून दुप्पट खाऊ घालतात. त्या दहा मिनिटांत खर्च झालेली ऊर्जा मूठभर खाद्यातून भरून निघते. उरलेली अंगावर चढते आणि सांध्यांवर बसते.

नाकाने काम करणारे

मुंबईकरांना झंजीर आठवत असेल. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या या लॅब्राडोरने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब शोधून दिल्याची नोंद आहे. पुण्यात शिकलेल्या या कुत्र्याचा नोव्हेंबर २००० मध्ये मृत्यू झाला, तेव्हा त्याला पोलिसांनी मानवंदना दिली. २०२३ च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानच्या भूकंपानंतर मदतीला गेलेल्या आपल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या ज्युली आणि रोमिओ या कुत्र्यांनी ढिगाऱ्याखाली जिवंत असलेल्या सहा वर्षांच्या मुलीचा माग काढला.

अशा कुत्र्यांचं काम ना तीस सेकंदांचं, ना आठ दिवसांचं. ते कमी-जास्त वेगाने काही तास चालतं, आणि त्यात पायांपेक्षा नाकाची कसोटी असते. धापा टाकणारा कुत्रा नीट हुंगू शकत नाही. धापेत हवा तोंडाने वेगाने आत-बाहेर होते आणि वासाचे कण नाकाच्या आतल्या पडद्यावर स्थिरावत नाहीत. जो लवकर दमेल त्याचं नाक आधी बंद पडेल. पॉइंटर जातीच्या कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगातही हे दिसलं: सराव नसलेल्या कुत्र्यांची वास ओळखण्याची क्षमता धावल्यानंतर घसरली.

त्याच प्रयोगात आहारात खोबरेल घातलेल्या कुत्र्यांचं नाकही मंद झालेलं आढळलं. नंतर ऑबर्न आणि कॉर्नेल या विद्यापीठांतल्या संशोधकांनी मक्याचं तेल घातलेला, प्रथिनं मध्यम ठेवलेला आहार दिला, तेव्हा शोधकाम करणाऱ्या कुत्र्यांची कामगिरी सुधारली. हे अभ्यास थोड्याच कुत्र्यांवर झालेले आहेत, त्यामुळे त्यावरून घराघरांत तेल बदलायची घाई नको. पण चरबी किती एवढंच पाहून भागत नाही, ती कुठली हेही पाहावं लागतं, एवढा धडा त्यातून घेता येतो.

आधी पाणी, मग वेळ

विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या उन्हात काम करणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत खाण्याच्याही आधी पाण्याचा विचार करावा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना येतो तेवढाच. उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापा टाकणं आणि त्यातून पाण्याची वाफ करणं. त्याच्या शरीराचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतं. जोरात धावल्यावर ते ४१ च्या पुढे जाऊ शकतं. पाणी कमी पडलं की उष्माघात दूर नसतो.

घामातून मीठ जातं, धापेतून जात नाही. म्हणून माणसासाठी बनवलेली क्षारयुक्त पेयं कुत्र्याला एरवी लागत नाहीत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या कामगार कुत्र्यांच्या केंद्रात सिंडी ओटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीमेवर काम करणाऱ्या कुत्र्यांचा अभ्यास केला. पाण्याला चव असेल तर कुत्रा ते जास्त पितो, असं त्यात आढळलं. अलास्कातले गाडीवान हे अनुभवाने ओळखून होते. कुत्र्याने पाणी प्यावं म्हणून ते त्यात मांसाचे तुकडे सोडतात. थंडीतही तो कुत्रा दिवसाला चार-पाच लिटर पाणी वापरतो. आपल्याकडे बिनमिठाचा, कांदा-लसूण न घातलेला मांसाचा पातळ रस्सा पाण्यात मिसळला तरी काम होतं.

कधी खाऊ घालायचं, हेही तितकंच महत्त्वाचं. भरल्या पोटी पळताना आतड्यांकडे आणि स्नायूंकडे रक्ताची ओढाताण होते आणि वाटेत जुलाब लागू शकतात. म्हणून मुख्य जेवण कामाच्या निदान चार तास आधी किंवा काम संपवून कुत्रा निवल्यावर, तासा-दोन तासांनी द्यावं. दिवसभराचं काम असेल तर मध्ये लहान-लहान घास द्यावेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा काम असेल, तर काम संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत सहज पचणारा थोडा पिष्टमय घास दिल्यास स्नायूंतलं ग्लायकोजेन लवकर भरतं.

खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना, म्हणजे ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड यांसारख्यांना, एक वेगळा धोका असतो. जठर वायूने फुगतं आणि स्वतःभोवती पीळ खातं. दिवसातून एकदाच भरपूर खाणं आणि अधाशासारखं भराभर खाणं, या दोन सवयींमुळे हा धोका वाढतो. पोट ताठ फुगलेलं आहे आणि कुत्रा ओकायचा प्रयत्न करतो पण काहीच पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. ही शस्त्रक्रियेची वेळ असते आणि तास मोजलेले असतात.

भाकरीवर वाढलेला कुत्रा

इथवर वाचून कुणाला वाटेल, मग आपल्याकडच्या कुत्र्यांचं काय? धनगराच्या कळपामागे चालणारा कुत्रा भाकरी आणि दूध-ताकावर जगत आला. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या परिसरात आणि मराठवाड्यात, जिथे त्याला कारवानी म्हणतात, तिथे सडपातळ अंगाच्या शिकारी कुत्र्यालाही भाकरी आणि दूधच मिळत आलं. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीला जपलं, २००५ मध्ये तिच्यावर टपाल तिकीट निघालं, आणि पुढे भारतीय लष्कराने मुधोळ कुत्र्यांना मेरठच्या केंद्रात प्रशिक्षण दिलं.

भाकरीवरचा कुत्रा तगला, याचं एक उत्तर २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आलं. स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना केली. पिष्ट पचवणारं अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती होत्या, कुत्र्यांमध्ये चारपासून तीसपर्यंत. माणूस शेती करू लागला, त्याच्या दारात उष्टं-खरकटं पडू लागलं, आणि ते पचवू शकणारे कुत्रे टिकले. बर्फात राहिलेल्या हस्कीसारख्या कुत्र्यांत या प्रती कमी आढळतात. कुणाच्या ताटात काय होतं, याचा इतिहास रक्तात उतरलेला आहे.

मुधोळच्या कुत्र्याचं मूळ काम ग्रेहाऊंडसारखं, छोट्या जोरकस धावेचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली, पण शरीराची घडण तीच आहे. अशा कुत्र्याच्या आहारात शिजवलेल्या धान्याला जागा आहे. पण भाकरी-दुधावरच सगळं भागतं, असं मानणं बरोबर नाही. वाढत्या पिल्लाला, दूध पाजणाऱ्या मादीला आणि रोज काही तास राबणाऱ्या कुत्र्याला अंडी, मांस, मासे किंवा समतोल तयार खाद्य यांची जोड लागतेच. पिल्लं पाजताना मादीची गरज तिपटी-चौपटीपर्यंत जाते. उलट टोकही तितकंच वाईट. नुसतं मांस खाणाऱ्या पिल्लाला कॅल्शियम मिळत नाही आणि त्याची हाडं ठिसूळ होतात. शिजवलेली हाडं तर देऊच नयेत. त्यांच्या अणकुचीदार फाका होऊन आतड्यात रुततात.

आपल्या कुत्र्याचा हिशोब

आता वही घ्या. कुत्र्याचं वजन किलोत लिहा. त्याचा घन काढा, आलेल्या संख्येचं दोनदा वर्गमूळ काढा आणि उत्तराला ७० ने गुणा. २५ किलोच्या कुत्र्याचा घन १५,६२५, पहिलं वर्गमूळ १२५, दुसरं साधारण ११.२. सत्तरने गुणल्यावर येतात सुमारे ७८० किलोकॅलरी. नुसतं पडून राहायला त्याला एवढी ऊर्जा लागते.

पुढचा गुणाकार कामाचा. घरात राहून सकाळ-संध्याकाळ फिरणाऱ्या कुत्र्याला याच्या दीडपटीच्या आसपास पुरते. रोज काही तास मेंढरं राखणाऱ्या, माग काढणाऱ्या किंवा गस्त घालणाऱ्याला दुप्पट-तिप्पट लागू शकते. इडिटारॉडच्या कुत्र्याला चौदापट लागते. त्याचं नाव ऐकून त्याची ताटली आपल्या घरी आणू नये.

हे आकडे सुरुवातीपुरते आहेत. खरा काटा तुमच्या हातात आहे. कुत्र्याच्या छातीवर दोन्ही बाजूंनी बोटं फिरवा. न दाबता बरगड्या लागल्या पाहिजेत, वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे. बरगड्या लांबूनच मोजता येत असतील तर घास वाढवा, दाबूनही लागत नसतील तर कमी करा. अमेरिकेत ४८ लॅब्राडोरांचा, दोन-दोनच्या जोड्या लावून, पिल्लं असल्यापासून मृत्यूपर्यंत अभ्यास झाला. जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खाणारे कुत्रे सरासरी १३ वर्षं जगले, भरपूर खाणारे ११ वर्षांच्या थोडं पुढे. पोटभर खाऊ घालण्याच्या मायेने त्यांची जवळपास दोन वर्षं घेतली.

खाद्य बदलायचं असेल तर आठ-दहा दिवसांत थोडंथोडं बदला. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले गोड पदार्थ कोणत्याही कुत्र्याला कधीच देऊ नका, मग तो कितीही कष्ट करणारा असो. कामाचा हंगाम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर एकदा पशुवैद्याला दाखवा.

कुत्रा आपल्यासाठी पळतो, हुंगतो, ओढतो, राखतो, आणि भूक लागली तरी काम सोडत नाही. त्याच्या पुढ्यात काय पडेल हे तो ठरवू शकत नाही, ते आपण ठरवतो. म्हणून त्याची ताटली भरण्याआधी रोज एकदा एवढंच विचारा: आज त्याने काम कसलं केलं, आणि किती वेळ? घास त्या उत्तराप्रमाणे घाला.